सुहैल, अगस्ती आणि सीमोल्लंघन



गेल्या आठवड्यात कोलोरॅडो आणि आल्बर्टाच्या मंडळींनी टाकलेले फोटो बघितले. पिवळेधमक ॲस्पेन, सोनेरी गवताची मैदानं, थर्मासमधला चहा, सगळंच झकास. त्याखाली कुणीतरी मला चिमटा काढलाय, "रास तनुऱ्यात ऋतू दोनच, उन्हाळा आणि एसी बंद पडलेला उन्हाळा." विनोद मान्य. पण इथेही शरद ऋतू असतो, आणि त्याचा इतिहास तुमच्या पानगळीपेक्षा कमी रंगीत नाही. म्हणून हा जरा लांबलेला लेख. कंटाळा आला तर खुशाल डिलीट करा.

सुरुवात आकाशापासून करावी लागेल. सौदीत शरदाची वर्दी झाडं देत नाहीत, एक तारा देतो: सुहैल. इथल्या लोकपंचांगात २४ ऑगस्टला सुहैल लागतो. पहाटे दक्षिण क्षितिजाला टेकून तो दिसला की उन्हाळ्याची पाठ मोडली असं समजायचं. (प्रत्यक्षात सप्टेंबरात किनाऱ्यावर इतका दमटपणा असतो की घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं जमतं. ताऱ्याला कोण समजावणार!) सुहैलचे साधारण बावन्न दिवस संपले की १६ ऑक्टोबरच्या सुमारास 'वस्म' सुरू होतो, तोही बावन्न दिवसांचा. तेरा तेरा दिवसांची चार नक्षत्रं. या काळात पाऊस पडला तर वाळवंट हिरवं होतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीखाली 'फगा' धरतो, म्हणजे वाळवंटी अळंबी. हा पाऊस चुकला तर नंतर कितीही पडो, फगा धरत नाही असं जुने लोक सांगतात.

तेरा दिवसांची नक्षत्रं म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. आपल्याकडचा शेतकरीही हस्ताचा पाऊस, चित्राचा पाऊस, स्वातीचा पाऊस असंच मोजतो. वस्मातलं दुसरं नक्षत्र 'सिमाक', त्याचा तारा म्हणजेच आपली चित्रा. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. आपण सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे ते बघतो, अरब पहाटे कोणतं नक्षत्र उगवतं ते बघतात. सूर्याच्या झगमगाटातून तारा सुटायला थोडे दिवस जातात, म्हणून त्यांची 'चित्रा' आपल्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी लागते. डेटा तोच, टाइमस्टॅम्प वेगळा.

आणि सुहैल कोण? आपला अगस्ती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयावर स्वतंत्र अध्याय आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात अगस्त्य उगवतो, पाणी निवळतं आणि रघू दिग्विजयाला निघतो. आपल्याकडे तो इथल्यापेक्षा आधीच उगवलेला असतो, पण ढगांच्या पडद्यामागे, त्यामुळे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकच तारा इथे उकाडा संपल्याचं सांगतो आणि तिथे पाऊस संपल्याचं. दोन्हीकडे अर्थ एकच, आता घराबाहेर पडा.

आपलं बाहेर पडणं म्हणजे सीमोल्लंघन. आज आपण आपट्याची पानं वाटून श्रीखंड-पुरीवर ताव मारतो, पण मराठेशाहीत दसरा हा मोहिमेचा मुहूर्त होता. नद्या उतरलेल्या, वाटा सुकलेल्या, घोड्यांना चारा मुबलक, तेव्हाच फौजा मुलुखगिरीला निघत. याच सुमाराला आणखी एक मोठं स्थलांतर होई, ज्याला इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळीही मिळत नाहीत. पावसाळा देशावरच्या कोरड्या पट्ट्यात काढलेले धनगर आपली मेंढरं घेऊन दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघत. कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, धनगराला धान्य. आजही अनेक वाडे जातात. पुण्यात राहून ज्यांनी खंडोबा-बिरोबाचा अभ्यास केला त्या जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी या लोकांबरोबर बरंच फिरून लिहून ठेवलंय, मिळालं तर जरूर वाचा.

रास तनुऱ्याच्या मागच्या प्रदेशातले बदू अगदी हेच करत. उन्हाळाभर विहिरींना चिकटून राहायचं, कारण उंटांना आणि माणसांना पाणी हवं. वस्मचा पाऊस पडल्याची बातमी आली की तंबू उचलायचे आणि दहनाच्या तांबड्या वाळूत किंवा सम्मानच्या खडकाळ पठारावर जायचं. तिथे गवत असे, विहिरी जवळपास नसत. पण ओला चारा खाणारा उंट कित्येक आठवडे पाण्यावाचून काढतो, आणि माणसं उंटिणीच्या दुधावर. म्हणजे त्या कुरणाला निसर्गानेच कुलूप घातलेलं होतं. किल्ली फक्त पावसाकडे. उन्हाळ्यात तिकडे जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे झुडपांना सावरायला आपोआप वेळ मिळे.

शिवाय अनेक ठिकाणी 'हिमा' होत्या, म्हणजे टोळीने किंवा गावाने राखलेली कुरणं. कुणी, कधी, किती जनावरं चारायची याचे नियम ठरलेले. आपल्या देवराया आठवा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांवर काम केलं, त्याच्या थोडं आधी, १९६९ मध्ये, ओमर द्राझ या तज्ज्ञाने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठी हिमांवर लिहिलं. योगायोग म्हणा. पण तोपर्यंत इथला खेळ बराचसा आटोपला होता. तो कसा, हे सांगण्यासाठी तेलाकडे वळावं लागेल. रास तनुऱ्यात बसून तेलाचं नाव न काढता लेख संपवणं तसंही अवघड!

तेल शोधणारे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ बर्ट मिलर आणि क्रग हेन्री जुबैलला उतरले ती तारीख होती २३ सप्टेंबर १९३३. म्हणजे ऐन सुहैलात. तेव्हापासून त्यांच्या कामाचं वर्ष बदूंच्या वर्षासारखंच चाललं. शरदात तंबू घेऊन बाहेर पडायचं, हिवाळाभर वाळवंट मोजायचं, आणि पहिल्या हंगामानंतर तर जून १९३४ मध्ये काम थांबवून मंडळी रिपोर्ट लिहायला लेबनॉनच्या डोंगरात गेली. त्यांचा वाटाड्या खमीस बिन रिमथान हा अजमान टोळीतला. खुणा नसलेल्या वाळवंटातून हव्या त्या विहिरीवर नेमका नेणारा माणूस. १९५९ मध्ये तो वारला, पुढे एका तेलक्षेत्राला त्याचं नाव दिलं गेलं. जीपीएस लावूनही आपण एक्झिट चुकवतो, तेव्हा मला हा गृहस्थ हटकून आठवतो.

१ मे १९३९ला राजे अब्दुल अझीझ यांनी रास तनुऱ्यात व्हॉल्व फिरवला आणि 'डी. जी. स्कोफिल्ड' या जहाजात तेल भरलं जाऊ लागलं. त्यासाठी राजेसाहेब रियाधहून दहना ओलांडून आले, बरोबर दोन हजारांच्या आसपास माणसं आणि पाचशेच्या आसपास मोटारी. धहरानजवळ तंबूंचं गावच उभं राहिलं. वेळ उन्हाळ्याच्या तोंडाची, पण बाकी थाट सहलीचाच. वाळवंटात मोटारीने सहकुटुंब सहपरिवार जाण्याची आजची जी पद्धत आहे, तिचा हा पहिला मोठा प्रयोग म्हणायला हरकत नाही.

मग कुलूप निघालं. एका झटक्यात नाही, तीन वेगवेगळ्या हातांनी. १९५० मध्ये कैसूमाहून सैदापर्यंतची टॅपलाइन पुरी झाली. तिच्या कडेने विहिरी खोदल्या आणि बदूंना पाणी खुलं केलं. हेतू चांगलाच होता, तहानलेल्याला पाणी देणं यात वाईट काय? पण जिथे पूर्वी पावसाळी महिन्यांतच जनावरं पोचत, तिथे ती बारा महिने राहू लागली. १९५३ मध्ये शाही फर्मानाने हिमा सगळ्यांना चरायला खुल्या झाल्या. विचार समतेचा. पण राखणारा गेला आणि चरणारे तेवढे उरले. तिसरा हात ट्रकचा. पाऊस कुठे पडला हे कळलं की शेकडो मैलांवरून मेंढ्या आणि मागून पाण्याचे टँकर येऊन ठेपत, गवत बी धरायच्या आत फस्त.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही तीन कुटुंबं नुऐरियाच्या बाजूला 'कश्त्या'ला गेलो होतो. कश्ता म्हणजे इथली सहल: चटई, शेगडी, चहाची काळी किटली, मांस भाजायची जाळी. आमच्याकडे जाळीवर वांगी आणि कणसं. मुलांनी शेकोटीसाठी अर्फजची वाळकी झुडपं उपटायला सुरुवात केली. शेजारच्या तंबूतून एक म्हातारे सौदी गृहस्थ तरातरा आले. आम्हाला वाटलं, आता ओरडा बसणार. ते मुलांजवळ उकिडवे बसले, एक काडी नखाने खरवडली आणि आतली हिरवी साल दाखवली. मेलेलं नाही, झोपलंय. मग स्वतःच्या गाडीतला कोळसा आणून दिला. आमच्यातल्या एकाला बरं अरबी येतं, त्याच्याशी बोलता बोलता ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी इथे अर्फज इतकं दाट असे की वसंतात जमीन पिवळी दिसे. मी आजूबाजूला पाहिलं. टायरच्या खुणा, मेंढ्यांच्या वाटा, मध्ये मध्ये एखादं झुडूप. तोवर मला वाटत होतं की वाळवंट म्हणजे मुळातच असं असतं.

२०१८ पासून मोठमोठी शाही राखीव क्षेत्रं झाली आहेत, त्यात दहना आणि सम्मानचे भागही आले. चराईवर निर्बंध, लाकूडतोडीला दंड, तंबू ठोकायचा तर परवाना. काही सौदी सहकारी कुरकुरतात, आजोबांच्या कुरणावर जायला फॉर्म भरायचा म्हणून. त्यांचं दुःख मला खरं वाटतं. कास पठारावर रोजच्या पर्यटकांना मर्यादा घातली तेव्हा साताऱ्याच्या माझ्या मित्राने अशीच तणतण केली होती. पण कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं झुडूप बघितलं की मी फॉर्मच्या बाजूने मत देतो. मला मताधिकार नाही ही गोष्ट वेगळी.

असो. आमच्या कॉलनीचं नाव नजमा, अर्थ 'तारा'. कोजागिरीला किनाऱ्यावर जमायचं ठरतंय, दूध आटवण्याचं काम माझ्याकडे आलंय. जे मध्यरात्र टळल्यावरही चिकाटीने बसतील त्यांना दक्षिणेला, पाण्यावर अगदी खाली, अगस्ती दाखवीन. इथून तो फार तर साडेदहा अंश वर येतो. पुण्यातून अठराच्या वर. कोलोरॅडो आणि आल्बर्टावाल्यांना तो कधीच दिसणार नाही, सदतीस अंशांच्या थोडं वर गेलं की तो क्षितिजाखालीच राहतो. ह्यूस्टनवाल्यांनी फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेकडे बघावं. सॅन होजेवाले अगदी काठावर आहेत, एखाद्या डोंगरावर चढून प्रयत्न करा आणि दिसला तर इथे नक्की कळवा.

चूकभूल द्यावी घ्यावी.