बद्धकोष्ठता : व्यायामाने पोट साफ कसे ठेवाल?

स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी आपली मुले-मुली, मेळाव्यांसाठी एसटीने गावोगाव फिरणारे कार्यकर्ते, दिवसभर संगणकासमोर काम करणारे तरुण या सर्वांची एक तक्रार सारखीच असते, पण लाजेपोटी कोणी बोलत नाही: पोट साफ होत नाही. त्यातून मूळव्याध आणि गुदद्वाराला चिरा पडण्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून या विषयावर आपण मोकळेपणाने बोलू.

बद्धकोष्ठता म्हणजे काय?

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ खड्यासारखा कडक असणे, खूप जोर करावा लागणे किंवा पोट अर्धवट साफ झाल्यासारखे वाटणे. रोज शौचास झालेच पाहिजे, असा मात्र नियम नाही.

व्यायामाचा उपयोग कसा होतो?

मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेते. मळ तिथे जितका जास्त वेळ राहतो तितका कोरडा होतो. शरीराची हालचाल झाली की आतड्यांनाही चालना मिळते आणि मळ लवकर पुढे सरकतो.

काय करावे?

१. चालणे : रोज ३० मिनिटे भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. जेवणानंतर दहा मिनिटे सावकाश फिरावे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. खाल्लेले अन्न नीट पचणे हा त्यांपैकीच एक.

२. पवनमुक्तासन : उताणे झोपून गुडघे पोटाशी घ्या, हळू श्वास घेत २०-३० सेकंद थांबा. पाच वेळा करा.

३. पोटाने श्वास : श्वास घेताना पोट फुगवा, सोडताना आत घ्या. पाच मिनिटे पुरेत.

४. उकिडवे बसणे : या स्थितीत गुदमार्ग सरळ होतो. कमोड असेल तर पायांखाली छोटे स्टूल घ्या.

अभ्यासाला बसणाऱ्यांनी तासाभराने उठून पाच मिनिटे फिरावे. भरल्या पोटी जोराचा व्यायाम करू नये. गरोदर स्त्रिया, हर्नियाचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

फक्त व्यायाम पुरेसा नाही

ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी-उसळी, पालेभाज्या, पेरू आणि पुरेसे पाणी हवेच. सकाळी आणि जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, ती वेळ चुकवू नका. लोहाच्या गोळ्यांनीही हा त्रास होतो. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोला.

आलेली शौचाची भावना वारंवार दाबून ठेवणे हे एक मोठे कारण आहे. स्वच्छ शौचालय नसल्याने अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. तिथे व्यायामाचा सल्ला अपुरा पडतो. अभ्यासिका, वसतिगृह आणि आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या ठिकाणी मुलींसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले शौचालय असावे, ही मागणी युवकांनी लावून धरली पाहिजे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.