गोरोंगोझाचे अरण्य आणि त्याचे धनी

अतिथिगृह बांधावे माणसांनी आणि त्यात वस्तीला यावे सिंहांनी, असा प्रकार आफ्रिकेच्या पूर्व भागात, मोझांबिक देशात, खरोखरच घडला. १९४० साली गोरोंगोझाच्या राखीव रानात नदीकाठच्या सपाटीवर पाहुण्यांसाठी एक निवासतळ उभारण्यात आला. जागा मनोहर होती. परंतु पावसाळ्यात नदी पसरली की सारी सपाटी जलमय होई. दोन वर्षांतच ती वास्तू सोडून द्यावी लागली. मग तिच्या ओसाड खोल्यांत आणि गच्चीवर सिंह राहू लागले. पोर्तुगीजांनी तिला ‘सिंहांचे घर’ असे नाव दिले, आणि पुढे हे घर पाहण्यासाठीच दूरदूरचे प्रवासी येऊ लागले. ही हकीकत गमतीची खरी. पण या अरण्याच्या इतिहासातही ‘हे घर कोणाचे?’ हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

आफ्रिकेच्या पूर्व अंगाने उत्तर-दक्षिण गेलेल्या प्रचंड खचदरीच्या दक्षिण टोकाशी हे रान पसरले आहे. पश्चिमेस १८६३ मीटर उंचीचा गोरोंगोझा पर्वत, मध्यभागी उरेमा नावाचे सरोवर आणि दक्षिणेस पुंग्वे नदी, अशी त्याची रचना आहे. पर्वतावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी उरेमात उतरतो. त्या दिवसांत सरोवर कोसच्या कोस पसरते आणि कोरड्या ऋतूत आकसून लहानसे उरते. मागे हटणाऱ्या पाण्याच्या कडेने हिरवे गवत उगवते, गवतामागे हरिणे, झेब्रे व रानरेडे येतात आणि त्यांच्या मागावर सिंह. येथील सारी समृद्धी पाण्याच्या या भरती-ओहोटीवर अवलंबून आहे.

या प्रदेशाचा गोव्याशी जुना संबंध आहे. १७५२ सालापर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. तो वेगळा झाल्यानंतरही गोमंतकीयांचे तिकडे जाणे थांबले नाही. १८३५ साली म्हापसे येथे जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा हा त्यांपैकीच एक. तरुणपणी तो झांबेझीच्या खोऱ्यात गेला आणि तेथे ‘गोव्हेया’ या नावाने प्रसिद्धीस आला. पदरी सशस्त्र सेवक बाळगून त्याने गोरोंगोझाच्या परिसरात लाकडी कोट उभारले, पोर्तुगीज सरकारकडून कॅप्टन-मोरचा हुद्दा मिळविला आणि शेजारच्या बारुए राज्यावर आपला अंमल बसविला. त्या काळी या दऱ्याखोऱ्यांत हस्तिदंत हीच मोठी संपत्ती होती; ज्याच्यापाशी बंदुका, त्याचे हत्ती, असा तो न्याय होता. १८९० साली ब्रिटिश कंपनीच्या शिपायांनी गोव्हेयाला पकडले. पुढे तो सुटला, पण १८९२ मध्ये बारुएतील लढाईत मारला गेला. पोर्तुगीज अमदानीत एक गाव त्याच्या नावाने ओळखले जात असे. आज त्याच गावाला कातांडिका म्हणतात.

जहागीरदार गेले आणि कंपनी आली. १८९१ साली मोझांबिक कंपनीला या मुलुखाची सनद मिळाली आणि सुमारे अर्धशतक तिने येथे कर गोळा केले, रयतेकडून सक्तीने श्रम करवून घेतले. १९२० साली तिने एक हजार चौरस किलोमीटर रान राखून ठेवले. कशासाठी? तर कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना शिकार करता यावी म्हणून! १९३५ साली ही हद्द वाढून ३२०० चौरस किलोमीटर झाली. याच रानात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे, मासे धरणारे, गरजेपुरती शिकार करणारे लोक होते. साहेबाने मारलेल्या पशूला शिकार म्हणत; तोच पशू गावकऱ्याने मारला तर ती चोरी ठरे.

कंपनीची सनद संपल्यावर हे रान सरकारच्या हाती आले. पुराचा अनुभव जमेस धरून नवा निवासतळ पुंग्वे नदीच्या बाजूला, चितेंगो येथे वसविण्यात आला. १९६० साली गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि चितेंगोची भरभराट सुरू झाली. १९६५ च्या सुमारास तेथे शंभर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय होती. पोहण्याचे तलाव, मोठे भोजनगृह, टपाल कचेरी, पेट्रोल पंप, दवाखाना आणि स्थानिक कारागिरांच्या वस्तूंचे दुकान, असे ते अरण्यातील एक लहानसे नगरच झाले. पहाटे मोटारीतून निघावे, पाण्याकाठी पाणघोड्यांचे कळप पाहावेत, उन्हे चढू लागली की परत येऊन झाडांच्या सावलीत विसावा घ्यावा, असा पाहुण्यांचा दिनक्रम असे. मनुष्याचा स्पर्श न झालेली सृष्टी आपण पाहत आहोत, असे त्यांना वाटे. मात्र पाहुण्यांसाठी ही सृष्टी निर्मनुष्य दिसावी म्हणून त्या हद्दीतील किती चुली विझविल्या गेल्या, याची वार्ता भोजनगृहापर्यंत पोहोचत नसे.

त्याच सुमारास केन टिन्ली या शास्त्रज्ञाने या प्रदेशाची बारकाईने पाहणी केली. १९७२ मधील गणतीनुसार येथे सुमारे २२०० हत्ती, १४ हजार रानरेडे, ३५०० पाणघोडे आणि २०० सिंह होते. परंतु टिन्लीचा खरा निष्कर्ष पाण्याविषयी होता. पर्वतावरची झाडी तुटली तर खालचे सरोवर आटेल. म्हणून उद्यान राखायचे तर पर्वतही राखला पाहिजे, असे त्याने दाखवून दिले. पर्वत मात्र तेव्हा उद्यानाच्या हद्दीबाहेर होता.

१९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांनी यादवी युद्धाच्या खाईत लोटला गेला. सरकारी पक्ष फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो यांच्या झुंजीत गोरोंगोझा ही रणभूमी झाली. डिसेंबर १९८१ मध्ये बंडखोरांनी चितेंगोवर हल्ला केला. १९८३ मध्ये उद्यान बंद करावे लागले. दोन्हीकडच्या सैनिकांनी मांसासाठी जनावरे मारली आणि शस्त्रे घेण्यासाठी हस्तिदंत विकले. रोममधील ‘संत एजिदिओ’ या कॅथलिक समुदायाच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांततेचा करार झाला, तोवर मोठ्या प्राण्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक नाहीसे झाले होते. करारानंतरही काही काळ बेकायदा शिकार चालूच राहिली.

या संहाराची खूण हत्तिणींच्या देहावरही उमटली. युद्धापूर्वी येथे जेमतेम पाचातली एक हत्तीण बिनसुळ्यांची असे. हस्तिदंतासाठी सुळ्यांच्या हत्तिणी मारल्या गेल्या आणि बिनसुळ्यांच्या तेवढ्या वाचल्या. तोच गुण पुढे लेकींकडे उतरला. युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींत सुमारे तिसरा हिस्सा बिनसुळ्यांचा आढळला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

२००४ पासून अमेरिकन दानशूर ग्रेग कार यांनी मोझांबिक सरकारच्या साह्याने उद्यानाच्या पुनरुज्जीवनास हात घातला. २००८ मध्ये तसा दीर्घ मुदतीचा करार झाला. बाहेरून रानरेडे, वाइल्डबीस्ट, पाणघोडे आणले गेले आणि चितेंगोची घरे पुन्हा उभी राहिली. २०१० साली पर्वताचा वरचा भाग उद्यानात सामील करण्यात आला. टिन्लीचे म्हणणे अखेर मान्य झाले.

तथापि, जनावरे आणून सोडणे हे यातील सोपे काम होते. ज्यांच्या आजोबांना याच रानातून हुसकावले होते, त्यांच्या नातवांनी आता पहारेकरी व्हावे, हे अवघड. म्हणून या वेळी गावोगावी आरोग्यसेवा पोहोचविण्यात आली आणि मुलींना शाळेत टिकविण्यासाठी मंडळे काढण्यात आली. पर्वतावर देशी झाडांच्या सावलीत कॉफीची लागवड सुरू झाली, जेणेकरून शेतकऱ्याला झाड तोडण्यापेक्षा राखण्यात लाभ दिसावा. उद्यानांच्या सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आसपासच्या वस्त्यांना देण्याचा नियमही देशात झाला. मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ चक्रीवादळाने हा प्रदेश बुडविला, तेव्हा उद्यानाचे वनरक्षक मदतीचे धान्य घेऊन गावांकडे धावले. एके काळी ज्या गणवेशाची गावकऱ्यांना धास्ती वाटे, तो त्या दिवसांत त्यांच्या आधाराला आला.

निवासतळ पाडायला एक हल्ला पुरतो आणि तो बांधायला काही वर्षे पुरतात. शेजाऱ्यांचा विश्वास मिळवायला मात्र पिढी लागते. जहागीरदार, कंपनी आणि सरकार या सर्वांनी गोरोंगोझावर मालकी सांगितली. त्यांतला एकही तेथे कायमचा टिकला नाही. दर पावसाळ्यात पाणी येते, सपाटी व्यापते आणि ओसरते. त्या पाण्याबरोबर जगण्याची रीत जाणणारे लोक मात्र अजून तेथेच आहेत. अरण्याचे रक्षण करायचे तर त्यांना पाहुणे लेखून भागणार नाही; घरात त्यांचाही वाटा आहे, हे मानूनच पुढे जावे लागेल.