चरित्रनोंद

लेखकाचे आयुष्य तपासून घेतलेल्या तपशिलांतून उलगडणारे माहितीपर लेखन.

नाशिकच्या गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारक आहे. कवी आणि ‘नटसम्राट’चे नाटककार म्हणून गाजलेल्या कुसुमाग्रज ऊर्फ वि. वा. शिरवाडकरांनी ‘वैष्णव’, ‘जान्हवी’, ‘कल्पनेच्या तीरावर’ या कादंबऱ्याही लिहिल्या. नोंदीत त्या शेवटच्या ओळीत ढकलणे हा कादंबरीकारावर अन्यायच.

तपशील किती बोलतो पाहा. जन्म पुण्यात, २७ फेब्रुवारी १९१२. नाव गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. धाकटी बहीण कुसुम, तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज! तीन नावांत जन्मघर, दत्तकघर आणि बहिणीची माया येते. विशेषणांची गरजच उरत नाही.

१९८७चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. १० मार्च १९९९ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.