एका महायुगाचे दिवस

नारायण पेठेतील केसरीवाडा म्हटला की राजकारण आठवते. परंतु या वाड्याचे धनी लोकमान्य टिळक काही काळ गणिताचे अध्यापक होते, आणि पंचांग प्रत्यक्ष वेधांशी जुळावे असा त्यांचा आग्रह होता, हे आपण विसरतो. वर्षमान ग्रंथात सांगितले तेच ठेवावे, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते वर्षमान ज्या संख्येतून निघते ती ही: 1,57,79,17,828. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे 43,20,000 वर्षांच्या एका महायुगाचे हे दिवस.

ही पुराणिकांची अतिशयोक्ती असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. वर्षाचे 365 दिवस भरल्यावर काही घटका व पळे उरतात. तो अपूर्णांक सांभाळीत बसण्यापेक्षा पुष्कळ वर्षे एकत्र घेऊन दिवस पूर्णांकात सांगावे, ही यातील युक्ती. 43,20,000 ला निःशेष भागणाऱ्या तब्बल 180 संख्या आहेत, म्हणून ती हिशेबाला सोयीची. शिवाय महायुगात एक दिवस वाढविला तर वर्ष सेकंदाच्या अवघ्या पन्नासाव्या हिश्शाने वाढते. मोठी संख्या म्हणजे येथे बारीक माप!

आता ही संख्या अचल होती काय? आर्यभटाने 1,57,79,17,500 दिवस मानले. त्या मानाने 576 वर्षांत बरोबर 2,10,389 दिवस भरतात. वराहमिहिराने दिलेल्या जुन्या सूर्यसिद्धान्तात तीच संख्या 1,57,79,17,800 आहे, आणि आजच्या सूर्यसिद्धान्तात तिच्यावर आणखी 28 दिवस चढले. आर्यभटाच्या मानाने वर्ष साडेसहा सेकंदांनी लांबले. सुबकपणा मात्र गेला. महायुगाची वर्षे आणि हे दिवस यांचा महत्तम साधारण विभाजक केवळ 4. त्यामुळे वर्षे आणि दिवस दोन्ही पूर्णांकात जुळावयास 10,80,000 वर्षे लागतात.

पुढे 1520 साली गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचला. त्यांनी सूर्य सूर्यसिद्धान्ताचा घेतला. इतर ग्रह मात्र ज्या ज्या पक्षाचे आकाशाशी जुळले, त्या त्या पक्षाचे घेतले. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके याच ग्रंथावरून होत असत.

या संख्येने वर्ष 365 दिवस 6 तास 12 मिनिटे 37 सेकंदांचे होते. आजच्या वेधांनी नाक्षत्र वर्ष 365 दिवस 6 तास 9 मिनिटे 10 सेकंदांचे ठरते. फरक साडेतीन मिनिटांचा. पण 'ग्रहलाघवा'पासून आजवर तो सुमारे सव्वा दिवस झाला. संक्रांतीचा तिळगूळ कोणत्या दिवशी वाटावा, हा प्रश्न एवढ्यावर येऊन ठेपतो.

पूर्वजांची संख्या जपणे म्हणजे पूर्वजांचा मान राखणे, असे अनेकांस वाटते. पण पूर्वजांनी स्वतःच ती 28 दिवसांनी बदलली होती. त्यांची चाल पुढे चालविणे यातच त्यांचा खरा मान आहे, असे आमचे मत आहे.