जुने कंदील, गॅसबत्त्या व स्टोव्ह : संग्रह व जतन

रॉकेलवर चालणारे वातीचे कंदील, हवा भरून पेटवावयाच्या गॅसबत्त्या आणि पंपाचे स्टोव्ह ही मुक्कामाच्या जागी उजेडाची व स्वयंपाकाची सोय करणारी साधने होत. वापरातून गेल्यावर ती मिळविणे, त्यांची घडण व मूळ ओळखणे आणि शक्य तर ती पुन्हा पेटती करून जपणे, हा छंद यूरोप-अमेरिकेत चांगला रुजलेला आहे. तेथे या वस्तू मुख्यतः गिर्यारोहण, शिकार व सहली यांच्या आठवणींशी निगडित आहेत. कोल्हापूर परिसरात मात्र हीच गॅसबत्ती लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवली, तमाशाच्या बोर्डावर टांगली गेली, गुऱ्हाळघरात पहाटेच्या अंधारात चुलवणाशेजारी जळली. आणि तोच स्टोव्ह दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रोजचा चहा-भात करीत होता. त्यामुळे येथील संग्राहकापुढे येणारा इतिहास फुरसतीचा कमी आणि संसाराचा व मजुरीचा अधिक आहे.

वादळी वाऱ्यातही न विझणाऱ्या कंदिलाची रचना अमेरिकेत जॉन अर्विन याने सिद्ध केली. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा पुरविण्याची त्याची पहिली योजना १८६८ मधील असून ताजी, थंड हवा खेचणारी सुधारित योजना १८७३ मधील आहे. आपल्याकडचा हातात धरावयाचा कंदील या दुसऱ्या जातीचा. गॅसबत्तीचा उगम वेगळा आहे. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन व्हेल्सबाख याने १८८५ मध्ये तापून उजळणारी जाळी (मेंटल) शोधली व १८९१ मध्ये तिच्यात सु. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सिरियम ऑक्साइड असे प्रमाण बसविले. पुढे १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनारी वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट सापडले आणि या दिव्यांच्या जागतिक व्यापारात भारताचा संबंध आला. स्वीडनमध्ये फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये वातीवाचून चालणारा ‘प्रायमस’ स्टोव्ह प्रचारात आणला, तर बर्लिनच्या एरिख व ग्रेट्झ या कारखान्याचा ‘पेट्रोमॅक्स’ दिवा १९१० च्या सुमारास निघाला. पेट्रोलियम आणि माक्स ग्रेट्झ यांच्या नावांतून बनलेला हा शब्द मराठीत सामान्यनाम होऊन बसला. गॅसबत्ती आणि पंपाचा स्टोव्ह यांचे तत्त्व एकच : टाकीत पंपाने हवा भरली की तेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती सु. ०·३ मिमी. व्यासाच्या छिद्रातून जोराने बाहेर पडून हवेत मिसळून जळते. गॅसबत्तीत ‘गॅस’ आहे तो एवढाच.

या विषयात महाराष्ट्राचा स्वतःचा अध्याय कोल्हापूरपासून सु. ७० किमी.वर, कराडजवळ घडला. स्वदेशीच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला होता. त्यानंतर ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने आपला काच कारखाना उभारला. त्यामुळे वसलेल्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याच संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन व ऑस्ट्रियन काचमालाची आयात थांबल्याने देशी काचेला बाजारात जागा झाली. नुसत्या काचा विकण्यापेक्षा ती काच जेथे बसते तो कंदीलच येथे करावा, या विचाराने ‘प्रभाकर’ कंदील तयार झाला. ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव प्रभाकर आणि शब्दाचा अर्थ सूर्य, असा दुहेरी योग त्यात साधला होता. खेड्यापाड्यांतून या कंदिलाने परदेशी मालाशी टक्कर दिली. वीज घरोघर पोहोचल्यावर त्याची गरज उरली नाही. कारखानाही बंद पडला.

संग्राहकांच्या पसंतीत मात्र या कंदिलाला योग्य मान मिळत नाही, असे म्हणावे लागते. स्वीडिश वा जर्मन बनावटीची पितळी वस्तू हाती लागली की तिचे कौतुक होते. पत्र्याचा, गंजलेला प्रभाकर भंगारात जातो. याला एक व्यावहारिक कारण आहे. परदेशी कारखान्यांनी आपल्या मालावर कालखुणा ठेवल्या. प्रायमस स्टोव्हवर १९११ पासून वर्षदर्शक अक्षर उमटविलेले असते, अमेरिकन कोलमन दिव्यांच्या बुडावर निर्मितीचा काळ सांगणारे आकडे आढळतात. देशी वस्तूचा काळ ठरविण्यास असा आधार सहसा नसतो. तेथे काचेवरील शिक्का, पत्र्याची जोडणी, बर्नरची घडण आणि मुख्य म्हणजे ज्या घरातून वस्तू आली त्या घरातील माणसांची साक्ष, हीच साधने. ती साक्ष वस्तूबरोबर त्याच दिवशी लिहून घेतली नाही, तर पुढे मिळत नाही. रोजच्या वापरातील वस्तूही संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेच्या असतात, हे दिनकर गंगाधर केळकर यांनी पुण्यात दाखवून दिले. त्यांच्या संग्रहातील दिव्यांचे दालन प्रसिद्ध असून १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला.

दुरुस्तीच्या दृष्टीने कोल्हापूर हे सोयीचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर ऑइल एंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या कारागिराला निपलचे आटे पाडणे अवघड नाही. पंपाचा चामडी वायसर सुकून आक्रसला की हवा भरत नाही. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या तुकड्यातून तो कापता येतो आणि तेलात मुरवून बसविता येतो. गळणाऱ्या सांध्याला डाख देणे, निपलमधील काजळी पिनेने काढणे, टाकीतील जुन्या तेलाचा चिकट थर धुऊन काढणे ही कामे गल्लोगल्लीचे स्टोव्ह दुरुस्त करणारे कारागीर सहज करीत. त्यांची विद्या पुस्तकात नव्हती, हातात होती.

पितळ उजळण्याच्या हौसेने मात्र बरेच नुकसान होते. चिंचेने हलक्या हाताने पुसणे वेगळे आणि यांत्रिक चाकावर घासणे वेगळे. चाकाखाली कारखान्याचा ठसा, निकेलचा पातळ मुलामा आणि मालकाने खिळ्याने कोरलेले नाव, तिन्ही एकदम जातात. अमोनियायुक्त द्रव्यांचा धोका याहून गंभीर आहे. भारतातील ब्रिटिश लष्कराच्या तळांवर पावसाळ्यात साठविलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. हवेतील अमोनिया आणि घडविताना धातूत राहिलेला ताण यांच्या संयोगाने हे होते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. पितळी पत्र्यापासून दाबून घडविलेल्या टाकीतही असाच ताण असतो. म्हणून चकचकीत झालेली टाकी सुरक्षित आहे असे समजू नये. ती पाण्यात बुडवून, थोडी हवा भरून, बुडबुडे पाहूनच पेटवावी. चीर दिसल्यास ती केवळ पाहण्यासाठी ठेवावी. जुन्या जाळीतील थोरियम किंचित किरणोत्सर्गी असल्याने फुटक्या जाळीची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. काही जुन्या स्टोव्हांच्या गॅस्केटांत व काकड्यांत ॲस्बेस्टस असते, तेही कोरडे खरवडू नये.

पंपाच्या स्टोव्हच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती वगळून केलेली नोंद अपुरी राहते. नळी पुरेशी तापण्यापूर्वी पंप मारला तर वाफेऐवजी तेलाची पिचकारी उडते व भडका होतो. तापलेल्या स्टोव्हमध्ये तेल ओतल्यास किंवा रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असल्यासही तसेच घडते. अशा अपघातांत स्त्रिया भाजल्या व दगावल्या, हे खरे. परंतु १९७० नंतरच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द अनेक नवविवाहितांच्या मृत्यूचे कारण म्हणून लिहिले गेले आणि त्यांतील कित्येक मृत्यू हुंड्यापायी घडविलेले होते. स्त्री-संघटनांनी या शब्दांवरच प्रश्न उभा केला. भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविषयीचे ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे ३०४-ब ही कलमे घालण्यात आली, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. यंत्र म्हणून स्टोव्ह कसा भडकतो आणि कसा भडकत नाही, हे नीट जाणणारा माणूस येथे केवळ छांदिष्ट राहत नाही. ती माहिती साक्षीच्या मोलाची असते. संग्रहातील स्टोव्हशेजारच्या पाटीवर निर्माता, वर्ष आणि क्षमता यांच्या जोडीला ही हकीकतही हवी.

इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह १९७७ मध्ये आला. त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस पसरत गेला आणि पंपाचा स्टोव्ह माळ्यावर चढला. दिव्यावरील संशोधन मात्र थांबले नव्हते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नूरी’ हा हवा भरून पेटवावयाचा कंदील तयार केला. तो रॉकेल, डीझेल वा अल्कोहॉल यांवर चालतो व साधारण १०० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. त्याच संस्थेने पुढे दिवा व शेगडी एकत्र असलेले ‘लॅनस्टोव्ह’ हे साधन केले. उसाच्या रसापासून अल्कोहॉल काढता येत असल्याने या परिसरात असे इंधन उपरे ठरले नसते. रॉकेलवरील अनुदान २०२० मध्ये संपले आणि शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल दुर्मिळ झाले. परिणामी दुरुस्त केलेली गॅसबत्ती पेटवून पाहण्यासाठी तेल मिळविणे, हेच आता कोल्हापुरातील संग्राहकाचे सर्वांत वेळखाऊ काम होऊन बसले आहे. अनेकजण वर्षातून एखाद्या वेळी, पन्हाळा ते पावनखिंड अशा पावसाळी मुक्कामापूर्वी, ती पेटवतात व उरलेले तेल टाकीतून काढून ठेवतात, कारण साचलेल्या तेलाने नळी चोंदते.