गावच्या वाचनालयाचे कूळ

सातारा-सांगलीकडच्या खेड्यातले सार्वजनिक वाचनालय बरेचदा सभेच्या जागेला बिलगून असते: ग्रामपंचायतीच्या माडीवर, समाजमंदिराच्या खोलीत, नाहीतर देवळाच्या ओवरीत. जागेची टंचाई हे त्याचे कारण खरेच. पण खेड्यातले वाचन मुळात चारचौघांत वाढले, हे त्याहून जुने. चातुर्मासात देवळात पोथी लागे. श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचणारा एक आणि बाकीचे सगळे ऐकणारे. सरकारी हुकूम आणि जमिनीच्या नोंदी चावडीवर वाचून दाखवल्या जात. ‘चावडीवाचन’ महसूल खात्यात अजून चालते. या जागा सर्वांना सारख्या खुल्या मात्र नव्हत्या. देवळाच्या पायरीवरूनच कोणी परतायचे आणि चावडीबाहेर कोणी उभे राहायचे, हे जात ठरवी.

शहरात क्रम उलटा होता. तिथे आधी पुस्तके आली, व्याख्याने मागाहून. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, पुण्याचे 1848 चे. साताऱ्याचे नगर वाचनालय 1849 चे, म्हणजे छत्रपतींचे राज्य कंपनीने खालसा केले त्याच सुमाराचे. सांगलीचे 1869 मध्ये निघाले. ही वाचनालये वर्गणीवर चालत, त्यामुळे तिथला वाचक म्हणजे मुख्यतः वकील, कारकून, शिक्षक. वर्गणी परवडणे आणि अक्षरओळख असणे, या दोन्ही अटींवर खेडे मागे पडे.

खेड्यापर्यंत ग्रंथालय नेण्याची पद्धतशीर योजना आधी संस्थानांत दिसते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव धाडल्या. सातारा-सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला. मुंबई सरकारने 1939 मध्ये नेमलेल्या फैजी समितीने राजधानीपासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवली होती, पण तिची अंमलबजावणी 1947 पर्यंत रखडली.

आजच्या गावच्या वाचनालयाला आकार दिला तो 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने. मद्रासने 1948 मध्येच ग्रंथालयासाठी कर बसवला होता. महाराष्ट्राने तो टाळला आणि अनुदानाची वाट धरली. गावकऱ्यांनी संस्था नोंदवायची, सभासद आणि पुस्तके जमवायची, मग अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात मान्यता आणि त्या मानाने पैसे. खेड्यातली वाचनालये बहुतेक क आणि ड वर्गातली. अनुदान तुटपुंजे, त्यात स्वतंत्र इमारत बसणे अवघड. म्हणून ग्रामपंचायतीची वा देवस्थानाची एखादी खोली मागून घेणे ओघानेच आले. लोकांच्या उमेदीवर भिस्त ठेवणारी ही व्यवस्था स्वस्त खरी, पण उमेद ओसरली की कपाटाला कुलूप लागते.

या साच्याबाहेरचा प्रयोग साताऱ्यातच झाला. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झाले. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय हा त्याचा नमुना; मात्र तिथे पुस्तके विकली जातात आणि भिलारात ती बसून वाचायची असतात. सुरुवातीला सुमारे 15 हजार मराठी पुस्तके 25 ठिकाणी ठेवली गेली, त्यांत राहती घरे आणि पर्यटक-निवासही होते. पुढे या योजनेच्या विस्तारात सांगली जिल्ह्यातून पलूस तालुक्यातल्या अंकलखोपची निवड झाली. त्याला लागूनच कृष्णाकाठचे औदुंबर आहे. तिथे कवी सुधांशु आणि त्यांच्या मित्रांनी उभारलेल्या सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन, पुस्तकांच्या गावाची कल्पना निघण्याच्या कितीतरी आधीपासून, दर संक्रांतीला भरत आले आहे.