षट्कोन आणि तारा : पेचाच्या माथ्यावरील खाचेचा इतिहास

मळसूत्र कितीही उत्तम कापलेले असले तरी ते फिरवावयाचे तर त्याच्या माथ्यावर हत्याराला पकड मिळाली पाहिजे. ही पकड कोणत्या आकाराची असावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास यंत्रयुगाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. आज हत्यारांच्या दुकानात बिटांचा संच मागितला की तीस-चाळीस तुकड्यांची पेटी पुढे येते. त्यांतील षट्कोनी आणि ताराकृती बिटे कोणत्या अडचणीतून जन्माला आली हे ठाऊक असेल, तर चांगले बिट कोणते हे ओळखणे सोपे जाते, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमध्ये वायट बंधूंनी 1760 मध्ये लाकडी कामाचे स्क्रू यंत्राने बनविण्याचे पेटंट घेतले. 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने पेच कापण्याचे अचूक लेथ सिद्ध केले आणि 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे प्रमाण ठरविण्याची योजना मांडली. आट्यांना अशी शिस्त लागली, पण माथा मात्र उपेक्षित राहिला. त्यावर एक सरळ चीर पाडणे सोपे, म्हणून चीरच चालू राहिली. या चिरेची दोन्ही टोके उघडी असतात. जोर वाढला की पाते बाजूला सरकते, आणि मग वस्तूवर ओरखडा तरी उठतो, नाहीतर हातात तरी घुसते.

कॅनडातील पीटर रॉबर्टसन हा हत्यारांचा फिरता विक्रेता. प्रात्यक्षिक दाखविताना पाते निसटून त्याचा हात कापला आणि त्यातून त्याला चौकोनी खोबणीची कल्पना सुचली, अशी कथा त्याच्याविषयी सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी 1908 मध्ये ओंटारिओतील मिल्टन गावी त्याचा कारखाना उभा राहिला, हे खरे. हत्यार चहूबाजूंनी वेढणाऱ्या खोबणीचा कारखानदारी वापर येथे सुरू झाला.

षट्कोनाची कथा अधिक गंभीर आहे. त्या काळी कारखान्यांत एका लांब शाफ्टवर अनेक कप्प्या बसविलेल्या असत आणि त्या जागच्या हलू नयेत म्हणून वरून स्क्रू आवळीत. या स्क्रूंची चौकोनी डोकी बाहेर डोकावत. फिरत्या शाफ्टवरील असे डोके कामगाराच्या बाहीत अडकले म्हणजे हात जाई, प्रसंगी जीवही जाई. डोके नाहीसे करून पकड आतच द्यावी, हा त्यावरील उपाय. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन याने अशी षट्कोनी खोबण बनविण्याच्या रीतीचे पेटंट 1910 मध्ये मिळविले. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक ज्याला ‘ॲलन की’ म्हणतो, तिचे नाव याच गृहस्थाचे. जर्मनीत 1936 मध्ये बावर व शाउर्टे या कंपनीने हाच प्रकार ‘इनबुस’ या नावाने आणला. त्याच वर्षी अमेरिकेत हेन्री फिलिप्स याला फुलीच्या खाचेची पेटंटे मिळाली. निमुळत्या फुलीत हत्यार आपोआप मध्यावर बसते, म्हणून मोटारींच्या जुळणीत ती लोकप्रिय झाली; पण त्याच निमुळतेपणामुळे जोर वाढताच हत्यार वर उचलले जाते.

षट्कोनातही एक उणीव राहिली. बिट फिरू लागले की त्याचे कोपरे खोबणीच्या सपाट भिंतींवर तिरपे दाबतात. जोराचा बराच भाग स्क्रू फिरविण्याऐवजी भिंती बाहेर ढकलण्यात जातो. कोपरे झिजतात, आणि षट्कोनाचे हळूहळू वर्तुळ होते. 1967 मध्ये अमेरिकेतील कॅमकार या कंपनीने सहा गोलसर पाकळ्यांची खोबण काढून तिला ‘टॉर्क्स’ हे नाव दिले. षट्कोनात हा तिरपेपणा 60 अंशांचा मानला जातो, येथे तो सुमारे 15 अंशांवर आला. भिंती उभ्या असल्यामुळे बिट वरही उचलले जात नाही. 1999 मध्ये या आकाराला आयएसओ 10664 हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले.

आपल्या बाजारात येथे एक घोटाळा होतो. ‘स्टार’ म्हटले की दुकानदार बहुधा फिलिप्सची चार टोकांची फुलीच काढून देतो. सहा टोकांची तारा हवी असेल तर ‘टॉर्क्स’ म्हणावे आणि क्रमांक सांगावा: टी-20, टी-25, टी-30. स्वस्त संचांतील पुष्कळ तारांच्या टोकाला मध्यभागी भोक असते. ते छेडछाडरोधक स्क्रूंसाठी असते. साध्या स्क्रूला ते बिट चालते खरे, परंतु भोकामुळे दुबळे झालेले असते.

दुसरा घोटाळा मापांचा. 1956 च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली, तरी इंची यंत्रे आणि हत्यारे मागे राहिली. एम-6 च्या ॲलन बोल्टला 5 मिलिमीटरची चावी लागते. 3/16 इंचाची चावी 4.76 मिलिमीटर भरते. ती आत जाते, फिरतेही, आणि कोपरे खाऊन टाकते. गंमत अशी की आजच्या बहुतेक बिटांचे तोंड मिलिमीटरमध्ये असले तरी शेपूट अजून पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचेच आहे.

शासकीय सेवेत भांडारखरेदीचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. मागणीपत्रात ‘बिट, नग अमुक’ एवढाच तपशील असे. साहजिकच सर्वांत कमी दराचा माल येई आणि काही महिन्यांत टोके पिळवटलेली दिसत. तपशिलात पोलादाचा प्रकार यावयास हवा होता. एस-2 हे आघात सोसणारे हत्यारी पोलाद बिटांना चांगले. कठिणता साधारण 58 ते 62 रॉकवेल सी असावी. पोलाद मऊ असेल तर टोक पिळवटते, फाजील कठीण असेल तर टवका उडतो. वरच्या चकाकीवरून काहीच कळत नाही. कडा रेखीव आहेत काय, टोक सपाट आहे काय, माप कोरलेले आहे काय, हे पाहावे. मग नव्या स्क्रूत बिट घालून हलवून पाहावे. डुगडुगले तर परत करावे. इम्पॅक्ट ड्रायव्हरसाठी मध्ये बारीक कंबर असलेले बिट घ्यावे, म्हणजे धक्का कंबर सोसते. गोल टोकाचा षट्कोन अडचणीच्या जागी तिरपा चालतो, पण शेवटची आवळणी त्याने करू नये. आणि कोणतेही बिट घालण्यापूर्वी खोबणीतील रंग व माती काढावी.

मूठभर रुपयांच्या तुकड्यासाठी एवढा विचार कशाला, असे कोणी विचारील. पण बिट बिघडले तर दुसरे मिळते. स्क्रूचे डोके गेले तर तो स्क्रू ड्रिलने फोडावा लागतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर ती वस्तूही जाते. खिळ्याहून मळसूत्र श्रेष्ठ ठरले ते ते पुन्हा उघडता येते म्हणून. जी वस्तू उघडता येते तीच दुरुस्त होते, आणि दुरुस्त होणारी वस्तूच पुढच्या पिढीच्या हाती सुपूर्द करता येते. जुनी घरे सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको.